१९८६ च्या पद्मिनीला ब्रेकचे कुठले पार्ट चालतील?

प्रश्न थोडक्यात असा. मिरजेतली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांच्या हातची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही. काही वर्षं शेडमध्ये उभी होती. आता ब्रेक दोनदा मारल्याशिवाय लागत नाही आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतून ऑइल ओघळतंय. गावातल्या दुकानात पार्ट नाही. एक मिस्त्री म्हणतो, ‘ॲम्बॅसेडरचा सिलिंडर बसवून देतो’ (सिलिंडर म्हणजे चाकातलं, ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारं नळकांडं). दुसरा म्हणतो, ‘मारुतीची डिस्क टाकू, कायमची कटकट मिटेल.’ कुणाचं ऐकावं?

तूर्तास दोघांचंही नाही. चारही ड्रम उघडून मापं घेतल्याशिवाय एक रुपयाचा माल आणू नका. जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये पार्ट गाडीच्या नावावर शोधायचा नसतो, हातात निघालेल्या पार्टच्या मापावर शोधायचा असतो. गाडीचं नाव दुकानदाराला शेल्फ दाखवण्यापुरतं कामाचं.

याचं कारण सांगतो. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली ही गाडी पुढे प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. एवढ्या वर्षांत सगळे पार्ट एकाच मापाचे राहिले असतील हे धरून चालू नये. त्यात तुमची गाडी चाळीस वर्षांची. मधल्या काळात कुणी कुठल्या गावात, रात्री दहा वाजता, हाताला लागलेला सिलिंडर बसवून दिला असेल याचा पत्ता गाडीच्या कागदांवरून लागत नाही. माझ्याकडे आलेली एक पद्मिनी ब्रेक मारला की उजवीकडे ओढायची. आधीच्या गॅरेजवाल्याने लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) बदलले होते, अलाइनमेंट केलं होतं, टायर फिरवून पाहिले होते. पुढचे दोन्ही सिलिंडर सोडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर बाहेरून हुबेहूब सारखे. पिस्टन काढून आत व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तेव्हा कळलं: डावा सहा सुताचा, उजवा सात सुताचा.

हा एका सुताचा फरक किती असतो ते आकड्यात पाहा. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर. सात सूत म्हणजे २२.२ मिलिमीटर. व्यासात तीन मिलिमीटर, पण जोर ठरतो तो क्षेत्रफळावर, आणि ते ३६ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे एकाच पाइपातल्या एकाच दाबाला एक चाक दुसऱ्यापेक्षा सव्वापट-दीडपट जोराने धरतं. पुढे असं झालं तर गाडी ओढते. मागच्या दोन्ही चाकांना मोठे सिलिंडर बसवले तर त्याहून वाईट: ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते.

आता ॲम्बॅसेडरच्या सिलिंडरचा प्रस्ताव. तो बॅकप्लेटवर (ड्रममागच्या, सिलिंडर धरणाऱ्या तबकडीवर) बसेलही. दोन भोकं कानस मारून मोठी केली की काहीही बसतं. पण पहिला प्रश्न बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाचा, आणि दुसरा त्याहून छुपा, आट्यांचा. ॲम्बॅसेडर मूळची ब्रिटिश मोरिस ऑक्सफर्ड, तिचे आटे इंची. फियाट इटालियन, तिचे मेट्रिक. तीन सुताचा इंची ब्रेक नट ९.५ मिलिमीटरचा असतो आणि दहा मिलिमीटरच्या बारीक मेट्रिक आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) त्याच्या फार जवळची. त्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात सहज जातो, फिरतो, शेवटी टाइटही लागल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची नुसती टोकं धरलेली असतात. गॅरेजमध्ये पॅडल दाबून पाहिलं तर गळतही नाही. मग एक दिवस समोर म्हैस येते, तुम्ही सगळा जोर लावून ब्रेक मारता आणि नट आटे सोडून बाहेर येतो. पाण्याच्या नळाचे आटे असे चुकले तर टेफलॉन टेप गुंडाळून भागतं. ब्रेकच्या पाइपाला टेप गुंडाळणारा मिस्त्री दिसला तर गाडी ढकलत का होईना, तिथून बाहेर काढा.

आटे जुळले तरी पाइपाचं तोंड पाहायचं. दोन प्रकार सर्रास दिसतात. एकात पाइपाचं टोक बाहेर पसरून आत दुमडलेलं असतं, ते आतल्या सुळक्यावर बसतं. याला डबल फ्लेअर म्हणतात. दुसऱ्यात टोकाला बुडबुड्यासारखा फुगवटा असतो, तो सपाट-खोलगट तळावर बसतो; तो बबल फ्लेअर. जपानी घराण्यातल्या गाड्यांना, म्हणजे मारुतीलासुद्धा, डबल फ्लेअर. युरोपीय गाड्यांना बहुधा बबल. एकाच्या जागी दुसरा घातला तर आटे अचूक असूनही पाझरतं, आणि माणूस ते थांबवायला आणखी कसतो, की पोर्टच चिरतो. टॉर्च लावून भोकाच्या तळाशी सुळका आहे की नाही एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

आता तुमच्या लक्षणांकडे. दुसऱ्या मारेला ब्रेक लागतो, याचा अर्थ मास्टर सिलिंडर (पॅडलशी जोडलेला, सगळ्या चाकांना दाब देणारा) गेला असा लगेच घेऊ नका. शू (लायनर लावलेली अर्धगोल पट्टी) आणि ड्रममधलं अंतर वाढलं असेल तर पहिल्या दाबात शू नुसते ड्रमपर्यंत पोचतात, दुसऱ्यात धरतात. हवा शिरली असेल तरी असंच होतं, पण तेव्हा पॅडल स्पंजासारखं लागतं. मास्टरची परीक्षा वेगळी. गाडी उभी, पॅडलवर पाय हलका पण सतत ठेवा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठेच ओल नसली, तर मास्टरच्या आतला कप (रबरी सील) ऑइल मागे सोडतोय. तुमच्याकडे चाकातून गळती आहेच, तेव्हा ही परीक्षा सिलिंडरचं काम झाल्यावर पुन्हा करा. नाहीतर उगाच मास्टर बदलाल.

आणि मास्टरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. ‘मोठा मास्टर टाकला, ब्रेक एकदम टाइट झाला’ असं लोक कौतुकाने सांगतात. पॅडल टाइट होतं हे खरं. ब्रेक मात्र कमी होतो. हिशोब करून पाहा: पायाचा जोर ४० किलो, पॅडलचा लिव्हर पाचपट धरला तर मास्टरच्या दांड्यावर २०० किलो. पाऊण इंची मास्टरचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाइपात चौरस सेंटिमीटरला ७० किलो दाब. सात सुताचा मास्टर टाकला तर तोच पाय फक्त साधारण ५२ किलो देतो. बूस्टर असलेल्या गाडीत हे लपून जातं. तुमच्या गाडीला बूस्टर नाही. तिथे ही तूट थेट तुमच्या मांडीतून भरून काढायची आहे.

पार्ट मिळण्याबद्दल. मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचा ब्रेकचा माल ऑपेरा हाउसला सहज मिळायचा, कारण टॅक्सीला तो सारखा लागायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गिऱ्हाइकच गेल्यावर नवीन माल कोण बनवणार? आता जे आहे ते दुकानांच्या माळ्यावरचं. तरी ऑपेरा हाउसला, पुण्यात नाना पेठेत जुन्या दुकानांतून विचारायला हरकत नाही. दिल्लीचं काश्मिरी गेट तर आहेच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेला माल मिळतो. तिथून ड्रम, बॅकप्लेट, शूचे लोखंडी सांगाडे, स्प्रिंगा बिनधास्त आणा. वापरलेला होज (रबरी ब्रेक नळी), कप किंवा लायनर फुकट दिला तरी घेऊ नका.

माळ्यावरच्या ‘ओरिजिनल’ मालाबद्दलही सावध राहा. पिवळा पडलेला डबा, त्यावर जुन्या कंपनीचा शिक्का, आत चकचकीत सिलिंडर. हात शिवशिवतात, माझेही. पण आतला रबरी कपसुद्धा तितकाच जुना असतो. कप बाहेर काढा, ओठ बोटांनी दुमडून सोडा. लगेच पूर्ववत झाला तर ठीक. सुरकुती तशीच राहिली, किंवा दुमडीवर बारीक भेगा उमटल्या, तर त्या डब्यातलं फक्त बीड कामाचं, रबर नाही. मी असा सिलिंडर घेतो, पण नवीन किटसकट (आतल्या रबरांच्या संचासकट) घेतो. किट मात्र बोअरच्या मापाचं. मापाचा आकडा बहुतेक कपांच्या पाठीवर उठवलेला असतो आणि सिलिंडरच्या अंगावरही पुष्कळदा ओतीव अक्षरांत असतो. वायर ब्रशने गंज काढून पाहा, दुकानदाराच्या वहीपेक्षा तो आकडा जास्त विश्वासाचा. मात्र कुणी बोअर मोठा करून घेतला असेल तर तो आकडाही खोटा ठरतो, म्हणून शेवटचा शब्द व्हर्नियरचा.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला नवीन सिलिंडर लागेलच असं नाही. तुम्ही मिरजेत आहात, कोल्हापूरचं उद्यमनगर (लेथ-वर्कशॉपची वसाहत) हाकेवर आहे. जुना सिलिंडर उघडा, आतून पुसा आणि बोअरमधून नख फिरवा. नुसते डाग असतील आणि नख अडकत नसेल तर हलकं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) करून नवं किट चालतं. नख अडकलं, म्हणजे गंजाने खड्डे पडलेत, तर होनिंग करत बसू नका. खड्डा जाईपर्यंत घासलं की बोअर ढिला होतो आणि कप दोन महिन्यांत पुन्हा गळतो. अशा वेळी स्लीव्ह मारून घ्या. बोअर मोठा करून आत स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह दाबून बसवायची आणि मूळ मापाला फिनिश करायची. मूळ मापाला, हे लेथवाल्याला कागदावर लिहून द्या. ‘थोडा मोठा केला, काही होत नाही’ हे वाक्य ऐकू आलं की समजा डावा-उजवा फरक तयार झाला. ऑइल येण्याचं आणि निपलचं (हवा काढायच्या तोटीचं) भोक स्लीव्हमधून पुन्हा पाडून, आतली बुरी नीट काढलेली आहे ना, ते बोटाने नाही, कापसाच्या काडीने पाहा. धागा अडकला तर कप कापला जाणार.

व्हील सिलिंडरला स्लीव्ह मारणं सोपं, मास्टरला अवघड. मास्टरमध्ये टाकीकडे जाणारं एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पॅडल सोडल्यावर पाइपातलं ऑइल त्यातून परत जातं. ते भोक किंचित पुढे-मागे पडलं किंवा बुजलं की ब्रेक सुटतच नाही. गाडी दोन-तीन किलोमीटर चालली की ड्रम तापून वास येतो. मास्टर खराब निघाला तर तो नवा शोधण्यात वेळ घाला, किंवा ज्याने असे मास्टर आधी केलेत अशाच माणसाकडे द्या.

शूचं काम तुलनेने सरळ. नवे शू शोधण्यापेक्षा जुन्या सांगाड्यावर लायनर मारून घेणं मला जास्त पसंत, कारण सांगाडा तुमच्या बॅकप्लेटला बसतोय हे सिद्धच आहे. लायनरच्या कडेवर छापलेल्या ओळीत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, ती वाचा. पहिलं थंड असतानाची पकड, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ त्याच्या वर. रोजच्या गाडीला एफएफ उत्तम. पहिलं अक्षर एफ आणि दुसरं ई असेल तर घाट उतरताना ब्रेक सैल पडत जाणार. चारही चाकांना एकाच मालाचा लायनर हवा. निदान एका ॲक्सलला तरी. ऑइलने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत वापरू नका, आणि फक्त डावा भिजला म्हणून फक्त डावा बदलू नका.

ड्रम टर्निंगला (लेथवर आतून कातायला) दिला तर किती माल काढला ते विचारा. ड्रमवर कमाल व्यास लिहिलेला असेल तर ती लक्ष्मणरेषा. नसेल तर मूळ व्यासाच्या वर एक मिलिमीटरपाशी मी थांबतो. ड्रम मोठा झाला की शूची गोलाई जुळत नाही, लायनर फक्त मधल्या पट्ट्यात टेकतो आणि नवं सगळं घालूनही ब्रेक लागत नाही अशी तक्रार येते. लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवून घ्या. खडूने ड्रमच्या आत रेघा मारा, शू टेकवून फिरवा. खडू कुठे लागला ते पाहिलं की कुठे उंच आहे ते कळतं.

एक सूचना इथेच. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर काळी भुकटी दिसेल, तिच्यावर हवेचा पाइप मारू नका, फुंकर तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, आणि मास्क लावा. आमच्या धंद्यात हे कुणी पाळत नाही हे मला माहीत आहे, तुम्ही पाळा.

होज तिन्ही-चारही, जेवढे असतील तेवढे, सरसकट बदला. बाहेरून ठणठणीत दिसणारा जुना होज आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला जोर नसतो, मग ते चाक ब्रेक सोडल्यावरही पकडून राहतं. लोक सिलिंडर उघडून बघत बसतात. पद्मिनीचा तयार होज मिळाला नाही तर दोन्ही टोकांचे आटे, तोंडाचा प्रकार आणि लांबी देऊन बनवून घेता येतो. फक्त बनवणाऱ्याकडे टोकं दाबायचं मशीन हवं, आणि नळी आयएस ७०७९ या भारतीय मानकाची. चाक पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून आणि जॅकवर लटकवून लांबी घ्या. लोखंडी पाइप गंजला असेल तर स्टीलचाच ब्रेक पाइप टाका. फ्रीजची तांब्याची नळी वळवायला सोपी म्हणून सर्रास घालतात. तांबं थरथरीने कडक होतं आणि फ्लेअरच्या मुळाशी तडकतं.

ऑइलचं एका वाक्यात होत नाही म्हणून दोनात सांगतो. डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या, सीलबंद डबा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि कप बसवताना बोट ब्रेक ऑइलमध्येच बुडवा, कारण ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की रबर फुगतं. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून बेढब झालेलं दिसलं तर कुणीतरी पूर्वी चुकीचं ऑइल ओतलंय असं समजा. मग एकूण एक रबर बदलणं आणि पाइप धुणं आलं.

राहिला डिस्कचा मोह. तो वाईट नाही, पण ‘मारुतीची डिस्क टाकू’ म्हणणारा बहुतेक वेळा फक्त डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) बसवतो. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे थोड्या जोरात जास्त पकड मिळते. डिस्कमध्ये ते नाही, सगळा जोर पायाचा. म्हणून बूस्टर नसलेल्या गाडीत डिस्क टाकली की पहिली तक्रार ‘ब्रेक कमी झाला’ अशीच येते. शिवाय ड्रमच्या गाड्यांत मास्टरच्या तोंडाशी बहुधा एक व्हॉल्व असतो, जो पाइपात थोडा दाब कायम धरून ठेवतो. तोच मास्टर डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहतात. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं, म्हणजे मास्टरही बदला. मग बूस्टर, मग त्याला जागा, मग पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. हे सगळं एकत्र आखून करणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. त्यातही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला उभं राहायचं आहे. तुमच्या गाडीचं वजन आणि वेग पाहता नीट बसवलेले ड्रम पुरेसे आहेत.

तेव्हा चारही ड्रम एकाच वेळी उघडा, प्रत्येक सिलिंडरचा बोअर, आटे आणि तोंड लिहून घ्या, फोटो काढा, डावा-उजवा चिठ्ठी लावून वेगळ्या पिशवीत. पुढचे दोन एकमेकांशी जुळत नसतील तर इथेच ते कळेल, आणि कुठला मूळचा हे ठरवायला मागच्या मापांसकट मला कळवा. जोडल्यावर हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. त्यानंतर कुणालातरी पॅडल जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. नवे लायनर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तेवढं चालल्यावर शू पुन्हा ॲडजस्ट करावे लागतील, कारण पॅडल थोडं खाली गेलेलं असेल. तोवर गाडी मिरज-सांगलीतच फिरवा, आंबा घाटाचा बेत नंतर.